छंद चार असू द्या, वही एक ठेवा

विचारलेलं थोडक्यात असं: "सर, मी मानेवाड्याला राहतो, वय चौतीस, नोकरी आयटीतली. बुद्धिबळ, फोटोग्राफी, आकाशनिरीक्षण, थोडेफार पक्षी, सगळंच करून राहिलो, पण कशातच पुढे जात नाही. बुद्धिबळाचं ऑनलाइन रेटिंग वर्षभर १४०० च्या आसपास अडकलं आहे. तीस हजार जमवले आहेत. टेलिस्कोप घेऊ की कॅमेरा? की एकच छंद धरून बाकीचे सोडून देऊ? आणि नागपुरातून ताऱ्यांचे फोटो काढायला जायचं कुठं?"

एकेक घेतो, पण तुमच्या क्रमानं नाही.

छंद सोडायची काही गरज नाही. नोकरी सांभाळून चार गोष्टींत जीव रमतो, यात तक्रार करण्यासारखं काय आहे? चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ ते १९१७ सरकारच्या हिशेबखात्यात नोकरीला होते. मध्यंतरी त्यांची बदली नागपूरलाही झाली होती. कलकत्त्यात असताना कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर ते इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेच्या प्रयोगशाळेत जाऊन काम करत. आपल्या गांधीसागरासमोरच्या विज्ञान केंद्राला त्यांचंच नाव आहे. तेव्हा वेळ कमी पडतो ही सबब तुम्ही दिली नाहीत ते बरंच केलंत. मला खटकलं ते वेगळं. तुमच्या प्रश्नात रेटिंग किती हे आहे, पैसे किती हे आहे. पण शेवटचा हरलेला डाव कुठं हातचा गेला, गेल्या महिन्यात आकाशात काय पाहिलं, यावर एक ओळ नाही. केलेल्या गोष्टीकडे तुम्ही परत वळून बघत नाही असं दिसतं. चारही छंद अडलेत ते तिथंच.

बुद्धिबळापासून सुरू करतो, कारण नोंदीची शिस्त तिथं आधीपासूनच आहे. क्लासिकल स्पर्धेत प्रत्येक चाल लिहावी लागते, ती काही उगाच नाही. २८ जुलै २०२५ ला आपल्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही मिळवला. तेव्हापासून माझ्या ओळखीतला जो तो भेटला की आधी रेटिंग विचारतो. तर आधी हे रेटिंग म्हणजे काय ते बघू.

अर्पाद इलो हे अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. खेळाडूची ताकद आकड्यात मांडायची त्यांची पद्धत फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, १९७० मध्ये स्वीकारली. तिचा गाभा शक्यतेचा आहे. दोघांच्या रेटिंगमध्ये दोनशेचा फरक असेल तर वरच्यानं शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत, चारशेचा असेल तर ९१. आता बरोबरीच्या खेळाडूंशी वीस डाव खेळलात असं धरा. सरासरी दहा जिंकाल, पण बारा जिंकणं किंवा आठच जिंकणं हेही नेहमीचंच. एका डावाला रेटिंगचे आठ गुण इकडेतिकडे होत असतील तर बारा-आठ म्हणजे बत्तीस गुणांची चढ आणि आठ-बारा म्हणजे तेवढीच घसरण. खेळ तसूभरही न बदलता तुम्ही १४०० वरून आठवड्यात १४३२ वरही जाऊ शकता आणि १३६८ वरही. म्हणून रोज रात्री रेटिंग बघून खूश किंवा खट्टू व्हायचं बंद करा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला बघा आणि वहीत लिहा.

ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, पूर्ण सोडा असं म्हणणार नाही, मजा असते त्यात. पण आठवड्यात निदान दोन डाव पंधरा मिनिटांचे, दर चालीला दहा सेकंद वाढीचे, असे खेळा. हरलेला डाव त्याच रात्री उघडा, इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) बंद ठेवून. कुठल्या चालीला आपण बरे होतो आणि कुठल्या चालीनंतर नव्हतो, हे स्वतः ठरवा आणि लिहून काढा: "१८ वी चाल, उंट पुढे नेला, घोड्याला आधार उरला नाही, दिसलं नाही." मगच इंजिन लावा. तुमचं निदान आणि इंजिनचं निदान यांच्यात जेवढं अंतर, तेवढा तुमचा अभ्यास बाकी. पंधरा-वीस डाव झाले की कारणांची वर्गवारी करा: मोहरा फुकट गेला, समोरच्याची धमकी दिसलीच नाही, घड्याळ संपलं, एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, येत नव्हता. १४०० च्या आसपास पहिल्या दोन कारणांतच बहुतेक सगळं संपतं, आणि तसं असेल तर ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, व्हिडिओ बघण्यात जाणारा वेळ वाया जातोय. त्याऐवजी रोज पंधरा मिनिटं दोन-तीन चालींची कोडी सोडवा. आणि प्रत्येक चालीआधी एकच प्रश्न विचारा: समोरच्यानं आत्ता हे का खेळलं?

'आधी आपलं डोकं, मग यंत्र' हा क्रम जपून ठेवा. कॅमेऱ्यातही तोच लागणार आहे.

फोटोग्राफीत चाली लिहायचं काम कॅमेरा स्वतः करतो. प्रत्येक फोटोच्या पोटात शटर (किती वेळ उजेड आत घेतला), छिद्र (लेन्स किती उघडी होती), आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ठेवला), वेळ, सगळं लिहिलेलं असतं, पण ते कुणी उघडत नाही. फसलेला फोटो पुसून टाकण्याआधी त्याचे आकडे बघा. चंद्र पांढरा गोळा झाला? फोननं काळं आकाश बघून उजेड वाढवला. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड आहे, त्याला दिवसाचंच एक्सपोजर लागतं. जुना हिशेब असा: छिद्र एफ/११, आणि आयएसओ जेवढा तेवढ्याव्या भागाचा सेकंद. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. हा हिशेब पौर्णिमेचा, अष्टमीच्या आसपास शटर थोडं लांबवा. मी म्हणेन पौर्णिमेला चंद्र टिपूच नका. तेव्हा ऊन सरळ पडतं, सावल्याच नसतात, विवरं सपाट दिसतात. शुद्ध अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा, डोंगरांच्या सावल्या मोजता येतील इतक्या लांब पडलेल्या असतात. एक सावधगिरी: काही फोनमधलं सॉफ्टवेअर चंद्र ओळखून त्यावर आपल्या मनानं तपशील चढवतं. दिसायला छान, पण ते तुम्ही टिपलेलं नाही. सगळं हातानं ठरवायचा प्रो मोड लावा, फोटो रॉ मध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनं न सजवलेल्या मूळ रूपात, ठेवा.

आता खरं काम. एक पैसाही खर्च करण्याआधी गच्चीवर एक मीटरची सरळ काठी ओळंब्यानं उभी करा. नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि भारताची प्रमाणवेळ ज्या ८२.५ अंश रेखांशावर ठरते त्याच्या सुमारे ३.४ अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली सरासरी मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, १२:१४ च्या सुमाराला होते. दर रविवारी बरोबर १२:१४ ला सावलीच्या टोकावर खडूनं, पुढे ऑइलपेंटनं, ठिपका द्या आणि फोननं वरून फोटो घ्या. दुसरं काही करू नका.

२२ डिसेंबरच्या आसपास सावली जवळजवळ काठीएवढीच भरेल, ९८-९९ सेंटीमीटर. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ३८-३९ सेंटीमीटर. तिला काठीच्या लांबीनं भागा आणि कोन काढा, नागपूरचा अक्षांश हातात येतो. २६ मे च्या सुमारास, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या कडक नऊ दिवसांत, सावली काठीच्या बुडाशी गडप होते. त्या दिवशी मात्र नेमकी वेळ १२:१० च्या जवळची असते. जूनमध्ये ती चक्क दक्षिणेला पडते, चारेक सेंटीमीटर. जुलैच्या मध्यानंतर पुन्हा एक शून्यसावलीचा दिवस येतो, पण तो बहुधा ढगांत जातो. आणि गंमत अशी की ठिपके एका रेषेत पडत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे. त्यामुळे ठिपके पूर्वेला आणि पश्चिमेला सात ते नऊ सेंटीमीटर सरकतात आणि वर्षाअखेर गच्चीवर लांबट इंग्रजी आठ उमटतो. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा लंबवर्तुळ आहे, ही दोन्ही कारणं त्या एका आकृतीत असतात. पावसाळ्यात चुकलेले रविवार तसेच रिकामे सोडा, अंदाजानं भरू नका. सूर्याकडे मात्र कॅमेरा किंवा दुर्बीण रोखू नका, योग्य सौर फिल्टरशिवाय डोळाही जाईल आणि सेन्सरही.

आता तुमचे तीस हजार. टेलिस्कोप नको, आत्ता तरी नको. स्वस्त टेलिस्कोपच्या खोक्यावर '५२५ पट' असं काहीतरी छापलेलं असतं. कामाचं वर्धन भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला फार तर दोनपट, म्हणजे साठ मिलिमीटरला १२० पट. त्यापुढे फक्त धूसर मोठं दिसतं. त्यात स्टँड डुगडुगता. फोकसला हात लावला की शनी चौकटीबाहेर. घ्यायचं ते असं: ओळखीतून किंवा सीताबर्डीत नीट पारखून एखादा जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स, २००-२५० पर्यंत जाणारी साधी झूम आणि वजनदार ट्रायपॉड. पैसे उरलेच तर १०×५० ची, म्हणजे दहापट वर्धनाची आणि ५० मिलिमीटर भिंगांची, दुर्बीण. ट्रायपॉडवर काटकसर करू नका, बाकी कशावरही करा.

पन्नासची लेन्स का? ताऱ्याचा उजेड गोळा होतो तो छिद्राच्या क्षेत्रफळावर. पन्नास भागिले १.८ म्हणजे २८ मिलिमीटरचं छिद्र, आणि फोनचं जेमतेम तीन. वर्ग करून भागलं की ऐंशी-पंच्याऐंशी पट उजेड. पुढे फोनचं सॉफ्टवेअर कितीही हुशार असो, हा फरक तो भरून काढू शकत नाही. ट्रायपॉडवर तारे ठिपक्यासारखे यायला हवेत तर शटर किती उघडं ठेवायचं, याचा नेहमीचा ठोकताळा ५०० भागिले फोकल लेंथ (लेन्सचा मिलिमीटरचा आकडा) इतके सेकंद असा सांगतात. आजच्या सेन्सरला तो ढिला पडतो, मी ३०० धरतो. छोट्या सेन्सरवर पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागते, म्हणजे चार सेकंद.

झूम लेन्स हवी ती गुरूसाठी. गुरू संध्याकाळी दिसतो त्या महिन्यांत हा प्रयोग कराच. २०० मिलिमीटर, एफ/५.६, आयएसओ ८००, अर्धा सेकंद, दोन सेकंदांचा टायमर, लेन्सचं थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद, फोकस हातानं, स्क्रीनवर मोठं करून. गुरू जळून पांढरा येईल, येऊ द्या. त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत तीन-चार ठिपके दिसतील: आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. गॅलिलिओनं १६१० मध्ये पाहिले तेच. प्रत्येक ठिपका गुरूच्या मध्यापासून किती पिक्सेल आणि कुठल्या बाजूला, हे तारीख-वेळेसह वहीत उतरवा आणि आलेखावर मांडा.

कॅलिस्टो लगेच सापडेल, तो सगळ्यात लांब जातो आणि फेरीला जवळजवळ सतरा दिवस घेतो. गॅनिमीडला सात दिवस आणि वर काही तास. खरी परीक्षा आयोची. रोज रात्री नऊला एकच फोटो काढलात तर आयो २.३ दिवसांत फेरी मारतो असा छानपैकी चुकीचा निष्कर्ष निघेल. आलेखही गुळगुळीत येईल, शंका यायला जागाच नाही. प्रत्यक्षात त्याची फेरी साडेबेचाळीस तासांची आहे. चोवीस तासांत तो अर्ध्याहून जास्त फेरी उरकतो, आणि रोज एकदाच डोकावणाऱ्याला तो कुठल्या बाजूनं गेला ते कळत नाही. उपाय सोपा: एकाच रात्री तीन तासांच्या अंतरानं दोन फोटो. तेवढ्या वेळात आयो पंचवीस अंश फिरतो. गुरूच्या जवळून जात असेल तर गुरूच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त सरकलेला दिसतो, आणि २.३ दिवसांचा आकडा तिथंच कोसळतो. ज्याला विज्ञानाची ओढ आहे त्यानं हा सापळा एकदा स्वतःच्या आलेखात बघावाच. मोजमाप अचूक असूनही मोजायची वेळ चुकली की उत्तर चुकतं, हे वाचून तितकं पटत नाही.

मग कॅलिस्टो आणि गॅनिमीड यांच्या फेऱ्यांचं गुणोत्तर काढा, २.३३ च्या जवळ येईल. त्याचा वर्ग करून घनमूळ काढा: १.७६. आता तुमच्या फोटोंत दोघांचं गुरूपासूनचं जास्तीत जास्त अंतर मोजा आणि भागा. फेरीच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो हा केप्लरचा तिसरा नियम मानेवाड्याच्या गच्चीवर जमला का ते कळेल. कुठला ठिपका कुठला चंद्र, हे आकाश दाखवणाऱ्या स्टेलॅरियम प्रोग्रॅममध्ये तपासा, पण आपलं लिहून झाल्यावर. बुद्धिबळाच्या इंजिनसारखंच.

यासाठी गाव सोडायची गरज नाही. चंद्र आणि ग्रह शहराच्या उजेडाला जुमानत नाहीत. तारे आणि आकाशगंगा जुमानतात. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून फक्त एकवीस अंशांवर असतो, म्हणजे शहराच्या दक्षिणेला जाऊन ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या फिरण्याच्या रेषा टिपायला गेलात तर मध्ये अख्खं नागपूर आणि त्याच्या पलीकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांचा धूर येतो. त्यासाठी उत्तरेला, रामटेक-खिंडसीच्या पुढे जायचं. शहर पाठीमागे राहतं.

सगळ्यात चांगलं आकाश पेंचचं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं काळं आकाश जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, देशातला पहिला. सिल्लारीच्या बाजूला मुक्काम करा आणि मुक्कामाच्या आवारातूनच फोटो काढा. रात्री जंगलात ट्रायपॉड घेऊन फिरायचं नसतं, ते वाघाचं घर आहे आणि नियमही तसेच आहेत. आकाशगंगेचा मध्य आपल्याकडून जास्तीत जास्त चाळीस अंश वर येतो. जून-जुलैत तो रात्रभर असतो, पण तेव्हा पाऊस. म्हणून विदर्भातल्या माणसानं मार्च-एप्रिलची अमावास्या गाठावी, पहाटे तीन ते पाच. मे मध्येही दिसतो, पण धुरळा फार आणि कॅमेराही तापलेला. उष्णतेमुळे सेन्सरमध्ये उगाच साचणारा खोटा उजेड, ज्यानं फोटोत दाणे येतात, दर सहा-सात अंशांना साधारण दुप्पट होतो. जानेवारीची बारा अंशांची रात्र आणि मे ची बत्तीसची, यांत आठपट फरक पडतो.

पक्ष्यांबद्दल थोडंच सांगतो. हिवाळ्यात अंबाझरी आणि गोरेवाडा, सकाळी नवाच्या आत, उडत्या पक्ष्याला शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचं. एप्रिलच्या दुपारी लांबच्या पक्ष्याचा फोटो धूसर आला तर लेन्सला शिव्या देऊ नका. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते आणि पाच लाखांची लेन्सही त्यावर काही करू शकत नाही. जवळ जा किंवा घरी जा.

जुना कॅमेरा घेताना दोन गोष्टी बघा: शटर किती वेळा उडालं आहे तो आकडा, आणि लेन्समधून मागून टॉर्च मारून आत जाळ्यासारखी बुरशी आहे का. घेतल्यावर सांभाळणं हे नागपुरात जरा वेगळं आहे. बाहेर हवा कोरडी म्हणून लोक मे महिन्यात निर्धास्त असतात, आणि कॅमेरा ठेवतात कुठं, तर कूलर चालतो त्याच खोलीत. ओल्या वाळ्यातून येणारी हवा खोलीतला दमटपणा दिवसभर वाढवत असते, आणि कूलर बंद होतो न होतो तोच पावसाळा लागतो. म्हणजे लेन्सला एप्रिल ते सप्टेंबर दमटपणाच. महागडं कपाट नको. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल टाका, आणि रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून परत टाका. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका. डब्यावर तारीख लिहा, जेल कधी गरम केलं त्याची.